धुराड्याची बंद चूल आणि बंब : घरात बसवताना घ्यावयाची काळजी

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील शेतकरी व कामगार कुटुंबांसाठी दिलेले व्याख्यान)



कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या शिवारात, पुणे-बेंगळूरु महामार्गाच्या जवळ ही पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी राहिली. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोली या बाजूच्या अनेक घरांचा आता एक पाय शेतात आणि एक पाय कारखान्यात असतो. एक भाऊ उसाला पाणी पाजतो, दुसरा पाळीवर जातो. काहींनी घराशेजारी चार खोल्या बांधून बाहेरगावच्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत.

घरोघरी गॅस आला. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे तो गरिबाच्या घरीही पोचला. तरीसुद्धा चूल गेलेली नाही. आंघोळीचे पाणी, जनावरांचे खाद्य, भाकरी आणि सणावाराचा मोठा स्वयंपाक यांसाठी घरचे जळण वापरणे परवडते. ते वापरू नका, असे सांगण्यासाठी मी आलेलो नाही. मात्र जी आग आपण घरात पेटवतो तिचा धूर कोठून जातो, तिला हवा कोठून मिळते, तिच्या आसपास काय आहे आणि तिच्यात आपण काय घालतो, या चार प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घराने द्यायला हवीत. यांपैकी एकाचे उत्तर चुकले तरी चूल घातक ठरते. आजचे व्याख्यान या चार प्रश्नांपुरतेच आहे.

धूर म्हणजे न जळालेले जळण

लाकूड तापले की त्यातून प्रथम वायू बाहेर पडतात. पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते ज्योतीत जळून जातात. न मिळाल्यास तेच धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर येतात. म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर हे आपण पैसे किंवा कष्ट देऊन आणलेले जळणच आहे.

आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे बाहेरच्या हवेत २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हे प्रमाण कित्येक शेकड्यांत जाते. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. स्त्रियांना होणारा जुनाट दम्यासारखा विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू यांचा या धुराशी संबंध आहे. घरातील धुरामुळे २०२० या वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

धूर निदान दिसतो आणि झोंबतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, पायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे आहेत. माणूस उठून दार उघडण्याच्या आतच बेशुद्ध होऊ शकतो. लाल निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून ते निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात धुमसणारे निखारे हा वायू भरपूर सोडतात. थंडीत शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणे यासाठीच जिवावर बेतते.

आपल्याकडील प्रयत्न

बिनधुराची चूल ही कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली. १९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला आणि गावोगाव धुराड्याच्या चुली बसवल्या. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने महाराष्ट्रासाठी 'लक्ष्मी' सारखी दोन भांड्यांची, धुराड्याची चूल प्रसारित केली. केंद्राचा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. त्या काळातील बऱ्याच चुली पुढे मोडल्या किंवा धुराडे तुंबल्यामुळे बायकांनी त्या काढून टाकल्या. कित्येक ठिकाणी चूल बसली, पण ती कशी राखायची हे वापरणाऱ्या बाईला कोणी सांगितले नव्हते. म्हणून आज बसवण्याइतकाच वेळ आपण देखभालीलाही देणार आहोत.

धुराडे का ओढते?

आपण गुऱ्हाळाचा मुलूख म्हणवतो. चुलवाणाचे धुराडे उंच का बांधतात, हे येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. गरम हवा हलकी असते. ती धुराड्यातून वर चढते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा जाळावर ओढली जाते. धुराडे जितके उंच, सरळ आणि आतून गरम, तितकी ओढ चांगली. फाउंड्रीत काम करणाऱ्यांनाही हे सांगायला नको. भट्टीला हवा कमी पडली की जाळाचा रंग बदलतो, हे ते रोज पाहतात. घरातली चूल ही त्याच नियमाने चालणारी लहान भट्टी आहे.

यातून एक गोष्ट निघते. जेवढी हवा धुराड्यातून बाहेर जाते तेवढीच हवा खोलीत आली पाहिजे. १० सें.मी. व्यासाच्या धुराड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौ.सें.मी. भरते. म्हणून चुलीच्या खोलीत खालच्या बाजूला किमान १५ सें.मी. x १५ सें.मी. मापाचा, कायम उघडा राहणारा जाळीचा झरोका ठेवावा. तो चिंधी किंवा पोते कोंबून बंद करू नये. त्याच खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला असेल तर चूल पेटलेली असताना तो चालवू नये. पंखा धुराड्यापेक्षा जोरात हवा ओढतो आणि धूर उलटा घरात येतो.

जागेची निवड

१) चूल शक्यतो पडवीत किंवा मागील दारी स्वतंत्र छपराखाली असावी. घरातच घ्यायची असल्यास बाहेरच्या भिंतीलगत घ्यावी, म्हणजे धुराडे सरळ वर नेता येते.

२) दारासमोर किंवा येण्याजाण्याच्या वाटेत चूल घेऊ नये. वाऱ्याने जाळ बाहेर येतो आणि मुले धडकतात.

३) चुलीवर माळा नसावा. कडबा, पाचट, शेणी, सरपण, कापूस, बारदान यांपैकी काहीही चुलीपासून आणि धुराड्यापासून दूरच ठेवावे. एका वेळेपुरते सरपण जवळ घ्यावे.

४) गॅसची टाकी आणि चूल एकाच खोलीत ठेवू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, आणि आपली चूल जमिनीलाच असते. ओट्यावरची शेगडी विझलेली असली तरी खाली बसलेला गॅस चुलीतल्या विस्तवाने पेट घेतो. दुसरी खोलीच नसेल तर चूल पेटवण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करून खोली मोकळी करावी. गॅसचा वास आल्यास काडी ओढू नये, विजेचे बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

चूल बसवण्याची पद्धत

जुनी मातीची चूल मोडून नवी घेता येते, किंवा जुन्याच चुलीच्या पोटात लोखंडी अथवा बिडाची पेटी बसवता येते. दोन्हींची रीत थोडक्यात अशी आहे.

पाया : खाली फरशी, विटा किंवा दगड असावा. लाकडी पाटणीवर अथवा फळ्यांच्या जमिनीवर चूल मांडू नये. तोंडासमोर निदान ४५ सें.मी. जागा फरशीची असावी, कारण निखारे पुढेच पडतात.

अस्तर : जाळ थेट लागतो तेथे अग्निविटा वापराव्यात. त्या न मिळाल्यास चांगल्या भाजलेल्या विटा मातीच्या चिखलात बसवाव्यात. जाळाच्या जागी सिमेंटचा गिलावा टिकत नाही, तो तडकतो. चिखलासाठी चाळलेली माती, थोडे शेण आणि भाताचे तूस किंवा बारीक भुसा घ्यावा. फाउंड्रीतून बाहेर टाकलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून चुलीत वापरू नये. त्या वाळूत बहुधा कोळशाची पूड किंवा राळ असते, आणि ती तापली की विषारी वायू सुटतात.

जाळी : लाकडाखाली जाळी असली की खालून हवा मिळते आणि राख खाली पडते. बिडाची जाळी टिकाऊ असते. नवी चूल घेणे जमत नसेल तर जुन्या चुलीत पायांची छिद्रे असलेली लोखंडी जाळी नुसती ठेवली तरी धूर कमी होतो. राजस्थानात 'मेवाड अंगीठी' या नावाने अशी साधी जाळी वापरात आली. धुराडे नसलेल्या घराने निदान एवढे करून पाहावे. मात्र जाळीमुळे धुराड्याची गरज संपत नाही.

फट : लोखंड तापल्यावर वाढते. ५० सें.मी. लांबीची पट्टी ४०० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे अडीच मिलिमीटर लांब होते. पेटी विटांत घट्ट चिणली तर ती बांधकाम फोडते आणि त्या भेगांतून धूर घरात येतो. म्हणून पेटीच्या चारही बाजूंना ५ ते ६ मि.मी. फट सोडावी आणि ती राख मिसळलेल्या मऊ चिखलाने भरावी. हा चिखल दर काही महिन्यांनी पुन्हा भरता येतो.

पत्रा : भंगारातून घेतलेला जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी जाळाजवळ वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंशांनाच वितळते. त्याचा धूर श्वासात गेला की थंडी भरून ताप येतो. रसायनांचे रिकामे पिंप कापून चूल अथवा बंब करण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. पिंपात उरलेल्या वाफेमुळे कापतानाच स्फोट होऊ शकतो.

वाळवण : मातीची चूल सावकाश सुकू द्यावी. पहिले चार-पाच दिवस काटक्यांचा लहान जाळ करून मग पूर्ण वापर सुरू करावा. एकदम मोठा जाळ केल्यास आतल्या ओलाव्याची वाफ होऊन चूल फुटते.

धुराडे बसवताना

१) घरगुती चुलीला साधारण १० सें.मी. व्यासाचे धुराडे योग्य ठरते. चुलीच्या तोंडापासून वरच्या टोकापर्यंत त्याचा व्यास कोठेही कमी करू नये.

२) धुराडे सरळ वर न्यावे. वळण घ्यावेच लागले तर ते तिरपे घ्यावे. काटकोनात वळवलेल्या आडव्या नळीत काजळी साचते.

३) नळ्या जोडताना वरची नळी खालच्या नळीच्या आत बसावी. कित्येक मिस्त्री उलटे करतात. धूर वर ओढला जात असल्याने तो सांध्यातून बाहेर येत नाही. पण आत साठणारे काळे पाणी खाली उतरते, ते नळीच्या आतच राहिले पाहिजे. नाहीतर भिंतीवर डाग पडतात आणि सांधे कुजतात.

४) साध्या पत्र्याच्या धुराड्यापासून वासे, फळ्या, पडदे असे जळणारे काहीही निदान ४५ सें.मी. अंतरावर असावे. लाकूड रोज थोडे थोडे तापत गेले की ते आतून कोरडे होत जाते, आणि काही वर्षांनी पूर्वीपेक्षा कमी उष्णतेला पेट घेते. "इतकी वर्षे काही झाले नाही" म्हणून निश्चिंत राहू नये.

५) कौलारू छपरातून धुराडे काढताना रीप आणि वासा कापून मोकळी चौकट करावी, चौकटीवर पत्र्याचे झाकण बसवून त्याच्या मध्यातून धुराडे काढावे. त्या पोकळीत पेंढा, चिंध्या किंवा थर्मोकोल भरू नये. पाचटाचे अथवा गवताचे छप्पर असल्यास धुराडे छपरातून नेऊच नये. ते भिंतीबाहेर काढून छपरापासून दूर उभे करावे.

६) धुराडे छपरातून बाहेर पडते तेथून निदान ९० सें.मी. वर न्यावे. शिवाय तीन मीटरच्या आत आढे, शेजारची भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहून ६० सें.मी. उंच न्यावे. ठेंगणे धुराडे वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडते आणि धूर घरात लोटते. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर धुराड्याचे तोंड काढू नये. शेजारधर्माचाच तो भाग आहे.

७) वर पावसाची टोपी बसवावी. टोपी आणि नळीचे तोंड यांत निदान नळीच्या व्यासाइतके अंतर ठेवावे.

८) सफाईसाठी तळाशी काढता येणारे झाकण ठेवावे. हे झाकण नसल्यामुळेच बरीच धुराडी कधी साफ झाली नाहीत.

बंबाविषयी

आपल्या भागात पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यासाठी सर्वांत आधी पेटतो तो बंब. तांब्या-पितळेचा बंब हे उत्तम साधन आहे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, यामुळे उष्णता वाया कमी जाते. परंतु तो न्हाणीघरात ठेवून, दार लावून आंघोळ करणे फार धोक्याचे आहे. लहान न्हाणीघर, बंद खिडकी आणि निखाऱ्यांनी भरलेला बंब एकत्र आले की कार्बन मोनॉक्साइड थोड्याच वेळात घातक पातळीला पोचतो. वाफेमुळे गुदमरल्यासारखे होते, असे आपण समजतो. खरे कारण अनेकदा हा वायू असतो.

म्हणून बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे. रिकामा बंब कधीही पेटवू नये, त्याचे डाक वितळून सांधे सुटतात. आधी पाणी, मग जाळ. पाणी घालण्याचे तोंड आणि गरम पाणी पडण्याची तोटी ही दोन्ही कधीही एकदम बंद करू नयेत. वाफेला वाट नसेल तर बंब फुटू शकतो. तळाची राख रोज काढावी, नाहीतर जाळाला हवा मिळत नाही.

चुलीत काय घालावे, काय घालू नये

बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, आंबा यांचे वाळलेले लाकूड, तुरीच्या काड्या, मक्याची बुरकुंडे, वाळक्या शेणी ही घरची जळणे होत. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. एक किलो ओले लाकूड म्हणजे अर्धा किलो जळण आणि अर्धा लिटर पाणी. ते पाणी उडवण्यातच सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, जाळ थंडावतो आणि धूर वाढतो. लाकूड पावसाळ्यापूर्वी फोडून, छपराखाली, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असे रचावे. मनगटाएवढ्या जाडीचे तुकडे चांगले जळतात. पाचट भर्रकन जळते आणि त्याच्या ठिणग्या धुराड्यातून छपरावर पडतात, म्हणून ते चुलीत कोंबू नये. उसाच्या शेतात आच्छादन म्हणून त्याचा उपयोग कितीतरी अधिक आहे.

आता आपल्या वसाहतीचा खास प्रश्न. यंत्रे आणि सुटे भाग ज्या लाकडी खोक्यांतून आणि फळ्यांच्या चौकटींतून येतात, ते लाकूड स्वस्तात किंवा फुकट मिळते आणि ट्रॉली भरून घरी येते. ते कोरडे असते, छान पेटते. पण ते सगळे सारखे नसते. परदेशांतून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या कणसाचे चित्र आणि काही इंग्रजी अक्षरे डागलेली असतात. 'एचटी' अक्षरे असतील तर ते लाकूड फक्त उष्णता देऊन निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' असतील तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड घरात जाळू नये. हिरवट छटा असलेले, रसायनात मुरवलेले लाकूड त्याहून वाईट, कारण त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकते. लाकूड जळाले तरी आर्सेनिक जळून संपत नाही. ते धुरात आणि राखेत राहते, आणि राख आपण परसात टाकतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवुड आणि चिकटवलेल्या भुशाच्या फळ्याही चुलीत नकोत.

तेलाने माखलेल्या चिंध्या, सूतगिरणी आणि कापड कारखान्यांतील कृत्रिम धाग्यांचा टाकाऊ माल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, वायरचे तुकडे, टायर यांनी चूल पेटवण्याची सवय सोडावी. प्लॅस्टिकचा तो झोंबणारा धूर थेट स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्या छातीत जातो. डिझेल, थिनर, रॉकेल चुलीवर ओतू नये. विझत आलेल्या निखाऱ्यांवर ओतले तर त्याची वाफ होऊन भडका उडतो.

देखभाल

महिन्यातून एकदा धुराडे पाहावे. बांबूला काथ्याचा झुबका बांधून वरून खाली ओढावा. सफाईच्या वेळी चूल पूर्ण थंड असावी, नाका-तोंडाला फडके बांधावे, आणि छपरावर एकट्याने चढू नये. आतला थर कोरडा आणि भुरभुरीत असेल तर जळण ठीक आहे. तो डांबरासारखा चिकट आणि चकचकीत असेल तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे. हाच थर एखाद्या दिवशी आतल्या आत पेट घेतो. धुराड्यातून घोंगावण्यासारखा आवाज येऊ लागला, नळी लालसर झाली, वरून ठिणग्या उडू लागल्या, तर धुराडे पेटले असे समजावे. अशा वेळी चुलीचे तोंड आणि हवेची वाट पत्र्याने बंद करावी, जाळावर माती किंवा राख टाकावी, माणसे आणि जनावरे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. तापलेल्या धुराड्यात पाणी ओतू नये, ते तडकते.

राखेतले निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतात. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात काढावी, प्लॅस्टिकच्या घमेल्यात किंवा गोठ्याजवळच्या उकिरड्यात गरम टाकू नये. स्वच्छ लाकडाच्या राखेत पालाश आणि चुना असतो, ती कंपोस्ट खड्ड्यात थोडी थोडी वापरता येते. जमीन आधीच खारवट किंवा चोपण असेल तर तिथे राख टाळावी.

भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद लावू नये. वायूने कोणी बेशुद्ध पडल्यास आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, श्वास रोखून त्याला उघड्यावर आणावे आणि १०८ ला बोलवावे. मदतीला धावणारा तिथेच थांबला तर तोही पडतो.

व्याख्यानानंतर विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : धुराडे बसवले आहे, तरी पहाटे पेटवताना धूर उलटा घरात येतो. काय करावे?

उत्तर : रात्रभरात धुराडे गार होते आणि गार हवा त्यात बुचासारखी बसते. तळाचे झाकण उघडून आधी कागदाचा बोळा धुराड्याच्या बुडाशी पेटवावा. नळी गरम झाली की ओढ सुरू होते. मग झाकण लावून चूल पेटवावी. एवढ्यानेही धूर थांबला नाही तर हवेचा झरोका, टोपीचे अंतर आणि धुराड्याची उंची क्रमाने तपासावी.

प्रश्न : आम्ही खोल्या भाड्याने दिल्या आहेत. कामगार पोरे न्हाणीघरातच पाणी तापवतात. सांगितले तरी ऐकत नाहीत.

उत्तर : सांगून भागणार नाही, कारण त्यांना दुसरी जागाच नसते. चार खोल्यांत मिळून एक पत्र्याचे उघडे छप्पर, त्याखाली धुराड्याची एक चूल आणि एक बंब, एवढी सोय मालकाने करून द्यावी. न्हाणीघराला वर आणि खाली जाळीचा झरोका ठेवावा. ती पोरे कोणाची तरी लेकरे आहेत, आणि खोलीत काही घडले तर त्याचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

प्रश्न : आमचे जुने धुराडे सिमेंटच्या पाइपचे आहे. त्यात ॲस्बेस्टॉस असते म्हणतात. काढून टाकू का?

उत्तर : पाइप धड असेल, भेगा नसतील, तर तो घाईने फोडू नका. धोका त्याच्या धुळीत आहे. ही धूळ श्वासातून गेल्यास पुढे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. असा पाइप करवतीने किंवा ग्राइंडरने कापू नये. तडकला असेल तर पाणी मारून ओला करून, न तोडता अख्खा उतरवावा आणि नवीन बसवताना दुसऱ्या प्रकारची नळी घ्यावी.

प्रश्न : एवढा खर्च केल्यावर जळण खरेच वाचेल का?

उत्तर : ते तुम्ही स्वतःच मोजा. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर आणायला ५०० किलोकॅलरी लागतात. उघड्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्साच भांड्याला मिळतो. म्हणजे किलोला ४,००० किलोकॅलरी देणारे सव्वा किलो लाकूड लागते. चुलीने दुप्पट उष्णता भांड्याला दिली तर तेच काम ६२५ ग्रॅमांत होते. जुन्या चुलीवर आठवडाभर सरपण वजन करून वापरा, तसेच नव्या चुलीवर करा आणि वहीत लिहा. फरक दिसला नाही तर जाळी, अस्तर किंवा लाकडाचा ओलावा यांत काहीतरी चुकते आहे.

प्रश्न : धुराडे बसवले की धुराचा त्रास पूर्ण संपेल ना?

उत्तर : घरातला बराचसा धूर बाहेर जाईल, पण तो गावाच्या हवेतच मिसळणार. वस्ती दाट असेल तर तो दुसऱ्याच्या दारात जातो. म्हणून रोजचा लहानसहान स्वयंपाक गॅसवर करावा, जमेल तेथे शेणाचा गोबर गॅस वापरावा, आणि मोठ्या कामाला धुराड्याची चूल ठेवावी. गरोदर स्त्री आणि तान्हे मूल चूल पेटलेली असताना तिच्याजवळ नसावे.

बंधू-भगिनींनो, घरी गेल्यावर आज रात्री चार गोष्टी पाहा. न्हाणीघरात विस्तव आहे का, चुलीच्या खोलीतला झरोका उघडा आहे का, धुराड्याला लाकूड टेकले आहे का, आणि सरपणाच्या ढिगात कारखान्यातील रंगीत फळ्या आहेत का. यांपैकी पहिली गोष्ट उद्यावर टाकू नका. बंब बाहेर आणायला पैसे लागत नाहीत, दोन माणसांचे हात पुरतात. बाकीची कामे येत्या पावसाळ्याआधी उरकून घ्या.